परदेशातली नोकरी: माणूस कशाने वाढतो, कशाने अडतो?

चाकण_ते_श्टुटगार्ट (धागाकर्ता)

गेल्या काही महिन्यांत ओळखीतल्या मुलामुलींचे फोन वाढलेत. कारण उघड आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. त्याच वर्षी ऑक्टोबरात जर्मनीने भारतीय कुशल कामगारांच्या व्हिसाची वार्षिक मर्यादा २० हजारांवरून ९० हजारांवर नेत असल्याचं जाहीर केलं. फोनवर सगळे तेच विचारतात: हातात किती येतात, कर किती कापतात, भाडं जाऊन उरतं किती. प्रश्न रास्त आहेत. कर्ज काढून येणाऱ्याने ते विचारलेच पाहिजेत. पण पाच वर्षांनी मी कामात कुठे असेन आणि माणूस म्हणून कसा असेन, हे मला अजून कुणी विचारलेलं नाही. म्हणून हा धागा काढतोय.

माझी पार्श्वभूमी: आधी डिप्लोमा, मग डिग्री, मग चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीचं काम. तिथून श्टुटगार्टजवळच्या, त्याच धंद्यातल्या दुसऱ्या कंपनीत आलो. म्हणजे पार्ट तोच, ड्रॉइंगही साधारण तसंच. बदलली ती काम करण्याची रीत, आणि माझ्यात जी काही वाढ झाली ती त्या रीतीमुळे झाली असं मला वाटतं.

चाकणला कस्टमरने "शुक्रवारी रिपोर्ट पाहिजे" म्हटलं की आम्ही "होऊन जाईल सर" म्हणायचो आणि मग गुरुवारची रात्र कंपनीत काढायचो. रिपोर्ट जायचाही. इथे पहिल्याच आठवड्यात मला विचारलं गेलं, "या कामाला किती तास लागतील?" मी सांगितलेला आकडा थेट प्लॅनमध्ये चढला. इथला कामाच्या वेळेचा कायदा दिवसाला ८ तास धरतो. १० पर्यंत ताणता येतं, पण पुढे सरासरी पुन्हा ८ वर आणावी लागते. शिवाय आज काम सुटल्यापासून उद्या सुरू होईपर्यंत सलग ११ तासांची विश्रांती द्यावीच लागते. याचा परिणाम फार खोल आहे. चुकलेलं नियोजन रात्री जागून झाकायची सोयच उरत नाही. त्यामुळे चूक नियोजनातच, सगळ्यांसमोर, सुरुवातीला दिसते. "शुक्रवारी होणार नाही. ही दोन कामं बाजूला ठेवली तर बुधवारी देतो" हे वाक्य वरिष्ठाच्या तोंडावर शांतपणे बोलायला मी इथे शिकलो. माझ्या मते माझ्या आख्ख्या करिअरमधलं हे सगळ्यात मोठं शिक्षण आहे.

दुसरी गोष्ट शॉप फ्लोअरची. इथे मुलं तीन-साडेतीन वर्षांची आउसबिल्डुंग करून यंत्रावर येतात. आठवड्यातले एक-दोन दिवस व्यवसायशाळा, बाकीचे दिवस कारखाना. त्यापुढे अनुभव घेऊन आणि परीक्षा देऊन माइस्टर, म्हणजे उस्ताद कारागीर, होता येतं, आणि जर्मनीच्या पात्रता-आराखड्यात माइस्टरची पायरी बॅचलर पदवीच्या बरोबरीची आहे. हे नुसतं कागदावर नाही. आमच्या लाइनचा माइस्टर माझं ड्रॉइंग हातात घेऊन "हे टॉलरन्स (मापात चालणारा फरक) या यंत्रावर निघणार नाही" म्हणतो आणि मीटिंग तिथेच थांबते. इंजिनिअरने खाली जायचं, यंत्रापाशी उभं राहायचं, बघायचं. आपल्याकडेही यंत्रावरचा माणूस हे जाणतो, पण त्याला विचारायची पद्धत नाही. आता मी कुठल्याही बिघाडाची चौकशी ऑपरेटरपासून सुरू करतो.

घरचंही सांगतो. या भागात केअरवोखं नावाची प्रथा आहे: इमारतीचा जिना आणि समोरचा फुटपाथ झाडायची आठवडापाळी. डॉक्टर असो की ट्रकचालक, पाळी आली की झाडू हातात. संडास धुणं, डबा करणं, मुलाला किंडरगार्टनमध्ये पोचवणं, विम्याची पत्रं वाचून उत्तरं देणं, यातलं काहीही दुसऱ्यावर ढकलता येत नाही. माझ्यासारख्या, घरात सगळं हातात मिळालेल्या मुलाला याने बदललं, आणि चांगलंच बदललं.

आता अडण्याबद्दल. मी इथे दोन प्रकारची आपली माणसं बघतो. काही चार-पाच वर्षांत टीम सांभाळू लागतात. काही बरीच वर्षं त्याच खुर्चीवर तेच काम करतात, आणि हुशारीत ती कुठे कमी नसतात. फरक मला दोन ठिकाणी दिसतो. एक, भाषा. मीटिंग इंग्रजीत होते, पण निर्णय कॉफीच्या यंत्रापाशी श्वाबियन या इथल्या बोलीत होऊन गेलेला असतो. बी-टू पातळीपर्यंत (ए-वन ते सी-टू या सहा पातळ्यांतली चौथी) जर्मन आलं नाही तर तुम्ही दिलेलं काम करणारे राहता, काम ठरवणारे होत नाही. दोन, नोकरी बदलायची मोकळीक. ब्लू कार्डवर, म्हणजे कुशल परदेशी माणसाला मिळणाऱ्या वास्तव्य आणि कामाच्या परवान्यावर, पहिल्या १२ महिन्यांत मालक बदलायचा तर परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला कळवावं लागतं, नंतर मोकळीक असते. २७ महिन्यांनी, आणि बी-वन भाषा असेल तर २१ महिन्यांनी, कायमच्या वास्तव्याचा अर्ज करता येतो. ज्याला "इथे वाढ नाही, मी जातो" म्हणता येतं त्याच्याकडे कंपनीही वेगळ्या नजरेने बघते.

तुमचे अनुभव लिहा. इतर देशांतले आणि परत आलेल्यांचे तर नक्की. पगाराच्या आकड्यांसाठी दुसरे धागे आहेत, इथे वाढीबद्दल बोलू.

बोरमाळ

छान विषय. मी पुण्यात बी-वन करतेय, मेकॅनिकल डिप्लोमा झालाय. दोन एजन्सींकडून कागद आलेत, त्यातल्या अटी समजत नाहीत. सगळ्यांचे प्रतिसाद वाचतेय.

मिरजेची_सिस्टर

धागाकर्त्यांचं लेखन मनापासून आवडलं. पण आमच्या पेशात गोष्ट याच्या जवळजवळ उलट सुरू होते, म्हणून सविस्तर लिहिते.

मी मिरजेत आयसीयूला होते. व्हेंटिलेटरचे पेशंट, कॅन्युला (शिरेत घालायची नळी) लावणं, रक्ताचे नमुने, इमर्जन्सीत डॉक्टर येईपर्यंत सगळं आम्हीच. जर्मनीत आल्यावर पदवीला मान्यता मिळेपर्यंत मदतनीस म्हणूनच काम करावं लागतं. मान्यतेसाठी बी-टू भाषा, आणि एक तर अनुकूलन अभ्यासक्रम किंवा ज्ञानपरीक्षा. तोपर्यंत मी काय करत होते? आजी-आजोबांना आंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलणं, डायपर. भारतात हे नातेवाईक करतात किंवा मावशी करतात. आणि जे मला उत्तम येत होतं, ती कॅन्युला, ती आमच्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर लावतात. बऱ्याच जर्मन हॉस्पिटलांत तशीच रीत आहे. हातातली कला बंद आणि जे कधी केलं नाही ते दिवसभर. पहिलं वर्ष आमच्या बॅचमधल्या कित्येक जणी रोज रडायच्या. "आम्ही मागे गेलो" हीच भावना होती, आणि ती खोटी नव्हती. आयसीयूत जायचं तर आता मला इथलं वेगळं प्रशिक्षण घ्यावं लागेल.

तरीही मी वाढले, तेही सांगितलं पाहिजे. आंघोळ घालताना पेशंटचं सगळं अंग दिसतं. टाचेवरचा लालसरपणा बोटाने दाबल्यावर जातो की तसाच राहतो, एवढ्यावरून प्रेशर सोअर (पडून पडून होणारी जखम) होण्याआधी ओळखता येतो. भरवताना घास गिळायला किती वेळ लागतो, पाण्याने ठसका लागतो का, यावरून अन्न श्वासनलिकेत जातंय की काय ते कळतं. मिरजेत मी मॉनिटर वाचायचे, इथे माणूस वाचायला शिकले. शिवाय इथे नर्स डॉक्टरला विचारू शकते, "हे औषध अजून का चालू आहे?" माझ्या पहिल्या अशा प्रश्नावर डॉक्टरांनी फाइल उघडली, विचार केला आणि औषध बंद केलं. त्या दिवशी घरी जाताना मी वेगळी बाई होते.

भाषेबद्दल: इंजिनिअरला भाषा बढतीसाठी लागते, आम्हाला पेशंट जगवायला लागते. स्मृतिभ्रंश झालेल्या आजी कोर्सातलं जर्मन बोलत नाहीत, लहानपणीची बोली बोलतात. त्या "कुठं दुखतंय" ते सांगतात आणि सिस्टरला समजत नाही, ही भयंकर गोष्ट आहे. म्हणून घाईने, घोकंपट्टी करून बी-टूचा कागद मिळवून येऊ नका.

बोरमाळ, एजन्सीच्या कागदात "मुदतीआधी नोकरी सोडल्यास खर्च परत" असं कलम आहे का ते आधी बघ. आमच्यातल्या काही जणी अशा कलमामुळे वाईट वॉर्डात अडकून पडल्या. जर्मन सरकारी यंत्रणांचा ट्रिपल विन नावाचा कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे, केरळशी त्याचा करार डिसेंबर २०२१ मध्ये झाला. त्यात भरतीचा खर्च मालक उचलतो, उमेदवाराकडून घेत नाहीत. केरळच्या सिस्टर इथे १९६० च्या दशकापासून येताहेत, त्यांच्याकडे माहितीचं जाळं आहे. आपल्याकडे ते अजून विणायचं आहे.

रत्नांग्रीचो_बाबल्या

नमस्कार मंडळी. सगळे युरोपचं लिहितायत, मी आखाताचं लिहितो. आमच्या कोकणात खेड, दापोली, चिपळूण, रत्नागिरी, कुठल्याही वाडीत जा, दर दोन-चार घरांत एक माणूस कुवेतला, कतारला नाहीतर सौदीला. आमचे काका १९९० ला कुवेतमध्ये होते. इराकने कुवेत घेतलं तेव्हा अम्मानमार्गे एअर इंडियाने पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीयांना परत आणलं, त्यात तेही. हातात एक पिशवी घेऊन आले आणि काही वर्षांनी पुन्हा गेले.

मी दहावी नापास म्हणून गेलो. माझ्या पासपोर्टवर ईसीआर होतं, म्हणजे ठरावीक १८ देशांत कामाला जायचं तर सरकारी इमिग्रेशनचा दाखला आधी काढावा लागतो. आम्ही त्याला झंझट म्हणायचो, पण त्या दाखल्यासाठी करार सरकारी सिस्टिममध्ये चढतो, पगार लिहिलेला असतो, आणि भांडण झालं तर तोच कागद कामाला येतो. एजंटला कायद्याने ३० हजार आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं, हेही लक्षात ठेवा. गावात याच्या कितीतरी पट मागतात.

कतारला गेलो तो स्कॅफोल्डिंगच्या कामाला, म्हणजे परांच्या बांधायला. धागाकर्ते भाऊ म्हणतात मालक बदलायची मोकळीक नसेल तर माणूस अडतो. आम्हाला ती मोकळीक नव्हतीच. कतारमध्ये मालकाच्या ना-हरकतीशिवाय नोकरी बदलता येईल असा कायदा सप्टेंबर २०२० ला झाला, आम्ही त्याच्या कितीतरी आधीचे. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात. तरी मी त्या साइटवर घडलो, ते कसं सांगतो.

सकाळी काम सुरू होण्याआधी टूलबॉक्स टॉक असतो. आज काय काम, धोका कुठे, पट्टा कुठे अडकवायचा. आमच्या टोळीत नेपाळी, बिहारी, मल्याळी, बांगलादेशी, फिलिपिनो. सुपरवायझर इंग्रजीत बोलायचा, निम्म्यांना कळायचं नाही. मला हिंदी येत होतं, थोडं मल्याळम कानावर बसलं, मग मी मधे उभा राहून सांगायला लागलो. कुणी सांगितलं नव्हतं. एक दिवस सेफ्टी ऑफिसरने बघितलं आणि म्हणाला, तू माझ्याबरोबर फिर. परमिट कसं भरतात, परांचीला हिरवा टॅग कधी आणि लाल कधी लावायचा, बंद टाकीत माणूस उतरवण्याआधी हवा कशी मोजायची, हे सगळं त्याने शिकवलं. रात्री कॅम्पात बसून मी बाहेरून दहावी काढली, मग बारावी, मग नेबॉशचा, म्हणजे कामाच्या जागच्या सुरक्षेचा, कोर्स. आज सेफ्टी ऑफिसर आहे. उन्हाळ्यात इथे १ जून ते १५ सप्टेंबर सकाळी १० ते दुपारी ३.३० उघड्यावर काम बंद ठेवायचा नियम आहे. तो पाळला जातोय का ते बघणं माझं काम, आणि मी ते डोळ्यात तेल घालून करतो, कारण उन्हात माणूस पडताना मी पाहिलाय.

तेव्हा भाऊ, बांधलेला माणूसही वाढतो. फक्त एक सांगतो, माझ्या खोलीत आम्ही आठ जण होतो. वाढलो मी आणि एक केरळचा. बाकीच्यांना तो सेफ्टी ऑफिसर भेटला नाही. काही अजून परांच्या बांधतायत.

चाकण_ते_श्टुटगार्ट

दादा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मुद्दा मान्य. मोकळीक नसतानाही माणूस वाढतो, पण तुम्हीच म्हणता तसं आठांतले दोन. मोकळीक असती तर उरलेल्या सहांपैकी काहींनी चांगला सुपरवायझर असलेली साइट शोधली असती. माझं म्हणणं एवढंच आहे, की वाढ कुणी भला माणूस भेटण्यावर सोडून द्यायची गोष्ट नाही.

सिस्टर, नर्सिंगमधला हा उलटा प्रवास मला माहीत नव्हता. आंघोळ घालताना पेशंट वाचण्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते आमच्या माइस्टरच्या जवळ जातं. तोही हाताने शिकलेलाच आहे.

एडिसनचा_शेजारी

न्यू जर्सीतून. मोकळिकीबद्दल धागाकर्त्याला पूर्ण अनुमोदन, कारण इथे त्याच्या अभावाने काय होतं ते रोज बघतो.

एच-वन-बी हा कुशल नोकरीचा व्हिसा जास्तीत जास्त सहा वर्षांचा. ग्रीन कार्डसाठी मालकाने केलेला आय-१४० अर्ज मंजूर असेल तर पुढे वाढवता येतो. रोजगारावर मिळणाऱ्या ग्रीन कार्डांत कुठल्याही एका देशाला साधारण ७ टक्क्यांहून जास्त मिळत नाहीत, त्यामुळे भारतीयांची रांग दशकांची झालीय. आता यात करिअर कसं अडतं ते बघा. तुमचा अर्ज विशिष्ट कामाच्या वर्णनावर केलेला असतो. बढती घेऊन कामाचं स्वरूप बदललं तर लेबर सर्टिफिकेशनपासून, म्हणजे या कामाला इथला माणूस मिळत नाही या सरकारी दाखल्यापासून, पुन्हा सुरुवात करायची वेळ येऊ शकते. रांगेतली तारीख टिकते, पण कागदांचा रगाडा नवा आणि धोका नवा. म्हणून माणसं बढती नाकारतात. मॅनेजर होण्याची पात्रता असलेली मंडळी वर्षानुवर्षं सीनिअर डेव्हलपर राहतात. नोकरी गेली तर दुसरी शोधायला ६० दिवस मिळतात, म्हणून मीटिंगमध्ये वाद घालत नाहीत. "नाही" म्हणायला शिकलो असं धागाकर्ता म्हणतो. आमच्याकडे अशा मनःस्थितीत माणूस "हो" म्हणायलाच शिकतो.

हेही सांगतो, की कामाचा दर्जा आणि आजूबाजूची माणसं यांतून मी जे तांत्रिक शिकलो ते इतरत्र शिकलो नसतो. ते नाकारत नाही.

रानजाई

कर्मचाऱ्याची वाढ, कर्मचाऱ्याची वाढ असं सगळे लिहिताय, तेव्हा त्याच घरातल्या दुसऱ्या माणसाबद्दल लिहिते.

मी दंतवैद्य. नाशिकला माझा चालता दवाखाना होता. नवऱ्याला अमेरिकेत नोकरी मिळाली, आम्ही आलो. एच-फोर व्हिसावर आलेल्या जोडीदाराला आपोआप काम करता येत नाही. मे २०१५ पासून एच-फोरवाल्यांना कामाचा परवाना मिळायला लागला, पण त्यासाठी साधारणपणे नवऱ्याचा किंवा बायकोचा आय-१४० मंजूर झालेला लागतो. आणि परवाना मिळाला तरी दंतवैद्याला भारतातल्या पदवीवर दवाखाना उघडता येत नाही. बहुतेक राज्यांत इथल्या दंतमहाविद्यालयात पुन्हा दोन-तीन वर्षं शिकावं लागतं, फी डोळे पांढरे करणारी, आणि परीक्षा वेगळ्या. म्हणजे ज्या वर्षांत नवरा "ग्रो" झाला त्याच वर्षांत माझे हात कामाविना राहिले. दातांचं काम हाताचं आहे. सराव सुटला की बोटं विसरतात.

मला तक्रारीच्या सुरात थांबायचं नाही. मी शिकायला परत गेले, आत्ता शेवटच्या वर्षात आहे. चाळिशी जवळ आल्यावर वर्गात बसून मी जी चिकाटी कमावली ती माझी स्वतःची आहे, ती मला कुणी व्हिसावर दिली नाही. पण परदेशी नोकरीने माणसाचा विकास होतो की नाही याचा हिशोब करताना जमेच्या बाजूला एकाचा पगार आणि हुद्दा मांडायचा, आणि खर्चाच्या बाजूला दुसऱ्याची थांबलेली वर्षं मांडायचीच नाहीत, हा हिशोब मला मान्य नाही.

लग्न ठरवताना मुलीकडच्यांनी "व्हिसा कुठला" विचारण्याऐवजी "तिला तिथे पहिल्या दिवसापासून काम करता येईल का, तिची पदवी चालते का" हे विचारावं. धागाकर्ते, जर्मनीत याबाबतीत काय आहे?

चाकण_ते_श्टुटगार्ट

रानजाईताई, फार महत्त्वाचं लिहिलंत. माझ्या मूळ लेखात हे असायला हवं होतं.

जर्मनीत ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला आल्यापासून कुठलंही काम करायची परवानगी असते, आणि व्हिसासाठी आधी जर्मनची परीक्षाही लागत नाही. पण परवानगी असली म्हणजे काम मिळतं असं नाही. डॉक्टर, दंतवैद्य, शिक्षक, वकील यांना इथेही मान्यतेचा डोंगर चढावाच लागतो. आणि "भाषेची परीक्षा लागत नाही" ही सवलत कितीतरी जणींच्या आड आलीय. आल्यावर घर लावण्यात, मुलात वर्ष जातं, भाषा मागे पडते, मग काम मिळत नाही. माझी पत्नी येण्याआधीच ए-टू करून आली, त्याचा तिला आल्या आल्या उपयोग झाला. दोघांचीही भाषा निघण्याआधीच सुरू झाली पाहिजे.

नागोया_रिटर्न

मी उलट्या दिशेचा. जपानमध्ये आइची भागात वाहन उद्योगात होतो, आता पुण्यात. धागाकर्त्याने परत आलेल्यांना विचारलंय म्हणून लिहितो.

तिथे मी शिकलो ती मुख्य गोष्ट म्हणजे वाईट बातमी लवकर सांगणं. टोयोटाच्या पद्धतीत लाइनवरच्या कुठल्याही कामगाराला गडबड दिसली तर दोरी ओढून इशारा देता येतो, आणि वेळेत निस्तरलं नाही तर लाइन थांबते. दोरी ओढणाऱ्याला कुणी रागवत नाही. टीम लीडर धावत येतो. अपघात झाला नाही पण होता होता राहिला, तरी त्याची नोंद करतात आणि त्यावर चर्चा होते. या वातावरणात राहून मी पूर्ण बदललो असं मला वाटायचं.

पुण्यात आल्यावर पहिल्या आढाव्यात मी विचारलं, "कुठे अडतंय?" सगळे म्हणाले, "सगळं ट्रॅकवर आहे सर." दोन आठवड्यांनी तीन कामं एकदम कोसळली. पोरांचा दोष नव्हता. आधीच्या ठिकाणी अडचण सांगितली की सांगणाऱ्याच्याच गळ्यात पडायची, हे ती अनुभवाने शिकली होती. तेव्हा मला कळलं, की जी माझी वाढ समजत होतो त्यातला मोठा भाग तिथल्या व्यवस्थेचा होता. ती व्यवस्था विमानात बसून माझ्याबरोबर आली नव्हती.

मग एक छोटा तुकडा उभा केला. रोज सकाळी पंधरा मिनिटं, उभ्याने, फळ्यासमोर. पहिला प्रश्न: काल काय बिघडलं? सुरुवातीचे कित्येक दिवस मीच माझं बिघडलेलं सांगायचो. जो सांगेल त्याच्या मदतीला मी स्वतः जायचो. हळूहळू मुलं बोलायला लागली. वरून मात्र "याची टीम रोज प्रॉब्लेमच सांगते" असा शेरा आला, तो अजूनही अधूनमधून येतो. तरी आमच्या टीमचे कस्टमरकडून परत येणारे पार्ट कमी झालेत, आणि टीममधल्या दोघींनी आता त्यांच्या नव्या टीममध्ये असाच फळा लावलाय.

परदेशात जाणाऱ्यांना माझं सांगणं: तिथे चांगली दिसलेली प्रत्येक पद्धत कशाच्या आधारावर उभी आहे ते तिथे असतानाच विचारून घ्या. परत आल्यावर तो आधार तुम्हालाच उभा करायचाय.

गोदाकाठ

सगळं वाचलं. मी कधी परदेशात नोकरी केली नाही. ओझरला विमान कारखान्यात आयुष्य गेलं. माझा धाकटा भाऊ कॅनडात आहे. आई-वडिलांची आजारपणं मी आणि माझ्या पत्नीने काढली. भावाने पैसे पाठवले, रात्री-अपरात्री फोनवर जागा राहिला, त्याची तगमग मी ऐकली आहे. त्याच्याबद्दल मनात कडू काही नाही. पण रानजाई यांनी हिशोबाचं लिहिलं त्यात एक रकाना आमचाही आहे. एक जण मोकळेपणाने वाढू शकतो, कारण दुसरा दारात उभा असतो. त्या काळात मला बेंगळुरूची बदली आणि बढती मिळत होती, ती मी घेतली नाही.

आणि शिकायला परदेशच लागतो असंही नाही. आमच्या कारखान्यात विमानाच्या प्रत्येक कामाची सही असायची, कुणी केलं, कुणी तपासलं. न झालेल्या कामावर सही करायची नाही, हे मला ओझरलाच हाडात मुरवलं गेलं.

रानजाई

काका, नमस्कार. तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचायला दिला. त्याचा मोठा भाऊ गावी आहे. त्याने लगेच फोन लावला.

बोरमाळ

सगळ्यांचे आभार. माझ्याकडच्या एका कागदात आहे: नोकरी सोडल्यास तीन वर्षांपर्यंत खर्च परत करायचा. दुसऱ्यात तसं नाही, पण "सहा महिने प्रोबेशन" लिहिलंय, त्याची भीती वाटते. काय बघू?

चाकण_ते_श्टुटगार्ट

बोरमाळ, सहा महिन्यांचं प्रोबेशन इथे सर्रास असतं. त्या काळात दोन्ही बाजूंना दोन आठवड्यांच्या नोटिशीवर करार संपवता येतो. त्याला घाबरू नकोस, पण त्या सहा महिन्यांत पुरेल एवढी शिल्लक हाताशी ठेव. परतफेडीच्या कलमात रक्कम किती आणि दर महिन्याला ती कमी होत जाते का ते बघ. रक्कम आकड्यात लिहिलेलीच नसेल तर सही करू नकोस.

याशिवाय मुलाखतीत तूच विचार: टीममध्ये बोलण्याची भाषा कोणती? जर्मनचा वर्ग कामाच्या वेळेत आहे की नंतर, आणि फी कोण भरणार? याच जागेवर आधी होता तो आज कंपनीत कुठे आहे? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐक. "तो अजून तिथेच आहे" असं उत्तर आलं तर का, तेही विचार. इथे असे प्रश्न विचारणाऱ्या उमेदवाराबद्दल चांगलंच मत होतं.

आणि पाच दिवसांच्या आठवड्याला वर्षाला २० दिवस सुट्टी कायद्याने असतेच, बऱ्याच कंपन्या ३० च्या आसपास देतात. सुट्टीवर असताना आजारी पडलीस आणि डॉक्टरचा दाखला दिलास तर ते दिवस सुट्टीतून वजा होत नाहीत. हे खूप जणांना वर्षानुवर्षं माहीत नसतं.

मिरजेची_सिस्टर

बोरमाळ, अजून एक. पदवी किंवा डिप्लोमाच्या मान्यतेचा अर्ज केला की जर्मन कार्यालय लेखी निर्णय देतं, त्यात कुठले विषय आणि किती तास कमी पडतात ते लिहिलेलं असतं. तुझ्या नावाचा तो कागद एजन्सीकडे आला असेल तर त्याची प्रत मागून घे, सारांश नको. आमच्या बॅचमध्ये काही जणींना तो इथे आल्यावर पहिल्यांदा दिसला. हवं तर नाव-पत्ता झाकून इथे टाक, मी वाचून सांगते.